पावसाळ्यात फिशटँकला ‘घाम’ फुटतो तेव्हा...

पावसाळ्यात शहरातील अनेक घरांत एक प्रकार हमखास घडतो. दिवाणखान्यातील फिशटँकच्या काचेवर बाहेरून पाण्याचे थेंब जमतात, ते ओघळत खाली उतरतात आणि टाकीखालच्या स्टँडवर साचतात. टाकी गळते की काय, या शंकेने घरचे धास्तावतात. बहुतेक वेळा टाकी शाबूत असते, पण स्टँड मात्र हळूहळू कुजू लागलेला असतो. या दुखण्याकडे वेळीच लक्ष दिले नाही, तर प्रश्न केवळ फर्निचरच्या शोभेचा राहत नाही.

याचे कारण टाकीच्या वजनात आहे. तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच अशा टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यात काच, वाळू आणि दगड यांची भर पडली की स्टँडवरील भार सव्वादोनशे किलोंच्या पुढे जातो. हा भार रात्रंदिवस, वर्षानुवर्षे एकाच जागी असतो. स्टँडचा एक कोपरा जरी फुगला वा खचला, तरी टाकीच्या तळावर असमान ताण येतो आणि काच तडकण्याचा किंवा सांधे उकलण्याचा धोका निर्माण होतो.

घाम येतो कुठून?

हवेत बाष्प सामावून घेण्याची क्षमता तापमानावर अवलंबून असते. हवा थंड होत गेली की एका विशिष्ट तापमानाला तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते. यालाच दवबिंदू म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई आणि कोकण किनारपट्टीवर हवेतील आर्द्रता कित्येक दिवस ८५ टक्क्यांच्या आसपास असते. तापमान २९ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. म्हणजेच २६ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी जमणार.

वातानुकूलित खोलीत नेमके हेच घडते. रात्रभर यंत्र चालू असताना टाकीतील पाणी २४ अंशांपर्यंत उतरते. त्या वेळी खोलीतील हवा कोरडी असल्याने काच कोरडीच राहते. सकाळी यंत्र बंद करून खिडक्या उघडल्या की बाहेरची दमट हवा आत येते. खोली लगेच उबदार होते, पण एवढे पाणी तापायला कित्येक तास लागतात. तोवर थंड काच घामाघूम होते. टाकीत एकदम थंड पाणी भरल्यावरही हाच अनुभव येतो.

गळती की दव?

दोहोंतील फरक ओळखणे सोपे आहे. दव काचेच्या सर्व बाजूंवर, साधारण पाण्याच्या पातळीपर्यंत सारखेच जमते. गळती बहुधा एखाद्याच सांध्याशी दिसते. काच व स्टँड कोरडे पुसून तळाच्या चारही कडांशी टिश्यू पेपरच्या पट्ट्या ठेवाव्यात. वरची काच कोरडी असूनही एकाच जागची पट्टी पुन्हा पुन्हा भिजू लागली, तर गळतीचा संशय घ्यावा. झाकणाच्या आतील बाजूस जमलेले पाणी बाहेरच्या कडेने ओघळत नाही ना, हेही पाहावे.

कोणता स्टँड टिकतो?

पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ हे पाण्याचे वैरी. ते एकदा फुगले की वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. वरून सनमायका असला तरी पाणी उघड्या कडांतून, स्क्रूच्या छिद्रांतून आणि वायरींसाठी पाडलेल्या भोकांतून आत शिरते. साध्या कमर्शियल प्लायचे थरही सततच्या ओलाव्याने सुटतात. नवा स्टँड करवून घेताना आयएस ७१० मानांकनाचा मरीन प्लाय वापरावा आणि सुताराकडून प्रत्येक कापलेली कड पॉलियुरेथेन किंवा तत्सम जलरोधक लेपाने बंद करून घ्यावी. लोखंडी स्टँडमध्ये गंजाची सुरुवात बहुधा वेल्डिंगच्या सांध्यांशी होते. तेथील गंज घासून काढून रेड ऑक्साइड आणि त्यावर ऑइलपेंट लावल्यास आयुष्य वाढते.

काय करावे?

उपायांची सुरुवात स्टँडपासून नव्हे, तर तापमानातील तफावत कमी करण्यापासून करावी. वातानुकूलन यंत्राचा झोत टाकीवर येऊ देऊ नये. थर्मोस्टॅट असलेल्या हीटरने पाणी २६-२७ अंशांवर ठेवल्यास बहुतेक उष्णकटिबंधीय माशांनाही ते मानवते आणि दवही बरेच कमी होते. यंत्र बंद केल्यावर खिडक्या लगेच सताड उघडू नयेत. त्या वेळी पंखा लावावा, म्हणजे काच लवकर वाळते. टाकी भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ठेवावी. कपाटवजा स्टँड असल्यास त्याच्या पाठीला हवा खेळण्यासाठी जाळी बसवावी. साध्या काचतळाच्या टाकीखाली थर्मोकोल किंवा फोमचा थर असल्यास भार सारखा वाटला जातो आणि तळाशी दव धरण्याचे प्रमाणही घटते. चौकट असलेल्या टाक्यांसाठी मात्र उत्पादकाची सूचना पाळावी. काचेखाली ओले फडके अडकवून ठेवणे टाळावे. त्यामुळे लाकडाला ओल सतत मिळत राहते.

विजेच्या जोडण्यांबाबत विशेष दक्षता हवी. प्रत्येक वायर प्लगच्या पातळीखाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न जाता झोळातून खाली टपकते. एक्स्टेन्शन बोर्ड स्टँडच्या तळाशी न ठेवता बाजूला उंचावर बसवावा.

स्टँडची कड फुगलेली, दरवाजे अडकू लागलेले किंवा टाकीतील पाण्याची पातळी एका बाजूला कललेली दिसली, तर वरवरची रंगरंगोटी उपयोगाची नाही. टाकीतील पाणी बादल्यांत काढून मासे आणि फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात ठेवावा आणि टाकी पूर्ण रिकामी करूनच हलवावी. भरलेली किंवा अर्धवट भरलेली टाकी उचलण्याचा प्रयत्न कधीही करू नये. पावसाळ्यापूर्वी अर्धा तास काढून स्टँडच्या कडा आणि सांधे तपासले, तर ही वेळ सहसा येत नाही.