मळ्यातली शाळा आणि आमची पुतणी

आमचे घर रावेर तालुक्यात, गावापासून दीड किलोमीटर आत, केळीच्या बागेला लागून आहे. आम्ही दोघेही शिक्षक, दोघेही बी.एड. एकाची नोकरी उर्दू शाळेत, दुसऱ्याची मराठी. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा थोरली चौथीत होती, धाकटा पहिलीत. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. धाकट्याची अख्खी दुसरी आणि निम्मी तिसरी घरातच झाली.

'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही सरकारी अभ्यासमाला मोबाईलवर यायची. आमच्याकडे रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी. एकजण तिथे उभा राहून पाठ उतरवून घ्यायचा आणि घरी येऊन शिकवायचा. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली; ती मुलांना आवडली, पण वीज असेल तेव्हा.

पहिल्या आठवड्यात आम्ही मूर्खपणा केला. भिंतीवर वेळापत्रक लावले, ताटलीवर चमचा वाजवून तास बदलायचा. चौथ्या दिवशी धाकटा म्हणाला, "तुम्ही सर आहात तर आमचे अब्बू कुठे गेले?" वेळापत्रक त्याच संध्याकाळी काढले. मग फजरनंतर कुरआन आणि उर्दू, ऊन चढायच्या आत गणित, दुपारी काहीच नाही, मगरिबनंतर गोष्टी, असे आपोआप बसत गेले.

गणिताला बाग होती. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट हे पुस्तकात वाचून कोणाच्या लक्षात राहते? पण पाच बाय सहा फुटांवर खोडे लावली तर एका खोडाला ३० चौरस फूट, म्हणजे एकरात १,४५२ खोडे, हे थोरलीने दोरी धरून मोजले आणि भागाकार करून पडताळले. बागेत प्रत्यक्षात कमी भरली. का कमी भरली याचा शोध दोन दिवस चालला: बांध, पाण्याची पाइपलाइन, विहिरीकडे जायची वाट. आमच्या वीस वर्षांच्या नोकरीत क्षेत्रफळाचा इतका चांगला पाठ आमच्या हातून झाला नव्हता, हे कबूल करतो.

भाषेचे सांगायला हवे, कारण आपल्यापैकी अनेक घरांत हाच पेच असतो. घरात आपली बोली, गावात लेवा बोली, मामाकडे धुळ्याला गेले की अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी, आणि नमाजेला बसले की अरबी. बालभारती हीच संस्था मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांची पुस्तके काढते. आम्ही एकाच इयत्तेची गणिताची दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली. अपूर्णांकाला कसर, त्रिकोणाला मुसल्लस, क्षेत्रफळाला रकबा. पण खरी गंमत मराठी पुस्तकात निघाली. 'वजाबाकी' हा शब्द फोडून दाखवला तेव्हा थोरली चक्रावली. वजा आणि बाकी दोन्ही आपल्याच घरातले! मग जमा, खर्च, हिशेब, तारीख, रक्कम अशी यादी तिने स्वतः वाढवत नेली. मराठी शाळेत आपण पाहुणे आहोत असे तिला वाटायचे. ते त्या यादीने कमी झाले.

उणेही सांगतो. शाळा उघडल्यावर धाकट्याला रांगेत उभे राहता येईना. हरला की रडायचा, खडू दुसऱ्याला द्यायचा नाही. पाढे तीसपर्यंत पाठ होते, पण बाकावर शेजारी कोणी बसलेले चालत नव्हते. ते सुटायला पूर्ण वर्ष लागले.

तरीही नातेवाइकांत आमचे नाव झाले. लग्नात, दावतीत लोक सांगू लागले, यांनी मुलांना मळ्यात ठेवून शिकवले. तेव्हा ते ऐकायला बरे वाटले.

त्या कौतुकाची किंमत गेल्या वर्षी कळली. भाईजान शिरपूर तालुक्यात खेड्यावर राहतात. त्यांच्या मुलीची आठवी झाली. पुढची शाळा लांब. त्यांनी फोन करून सांगितले, "तिला तुमच्याकडे पाठवतो. घरातच शिकवा. घरात शिकवता येतं हे तुम्हीच दाखवलं." आमच्याही गावातली शाळा आठवीपर्यंतच आहे. हायस्कूल आठ किलोमीटरवर. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे, हे आम्ही सांगितले. बसस्टॉपवर आम्ही सोडतो म्हणालो. बसचे नाव काढले की बोलणे तिथेच थांबायचे. शेवटी आम्ही हो म्हटले. जून महिन्यात ती एक पिशवी घेऊन आली.

आता खरे ते लिहितो. आम्ही दोघे दहा ते पाच शाळेत. घरी ती आणि आमचे घर. संध्याकाळी आलो की भाकरी झालेल्या, कपडे घडी घातलेले, धाकट्याला जेवू घातलेले. आम्हाला बरे वाटायचे. गुणी पोर आहे, असे आम्ही शेजारी सांगायचो. दिवाळीच्या सुटीत बीजगणिताची वही मागितली. जुलैपासून अकरा पाने. अकराव्या पानावरचे उदाहरण अर्धवट होते आणि त्यावर हळदीचा डाग होता.

टाळेबंदीत आमची मुले शिकली कारण आम्ही दोघे घरी होतो, पगार चालू होता आणि घरातल्या कामाला दोन मोठी माणसे होती. ही गोष्ट आम्ही कोणालाच सांगितली नव्हती, बहुधा स्वतःलाही नाही. हजरत शिफा बिन्ते अब्दुल्लाह यांनी हजरत हफ्सा रजि. यांना लिहायला शिकवले, हे आपण बयानात ऐकतो. तिथे शिकवणारी समोर बसलेली होती.

कायद्याचे पाहिले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे; तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, आणि मुलाला शाळेत घालणे हे त्यात पालकांचे कर्तव्य म्हटले आहे. पुतणी पंधरावीत होती, म्हणजे त्या कायद्याच्या बाहेर. उरले दोन रस्ते. १९८९ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिची दहावी उर्दूतूनही देता येते. किंवा राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, ज्यावर खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते. किमान पाचवी पास आणि वय चौदा पूर्ण हवे. आम्ही सतरा नंबर निवडला, कारण पुस्तके आमच्या हातातली होती. ज्या घरांत अशी मुलगी बसून आहे त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला आधी शोधून ठेवावा. नोंदणीची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, आणि दाखल्यावाचून काही हलत नाही.

घरातही बदल केला. मगरिबनंतर दोन तास तिचे. त्या वेळी ती चुलीपाशी जात नाही. आम्ही पाळी लावली आहे. पहिल्या आठवड्यात तीच बिचकून दर पंधरा मिनिटांनी उठायची, पोळी करपतेय का बघायला. करपायचीच.

सतरा नंबरवाल्यांनाही संपर्क केंद्रावर जावे लागते, प्रकल्पाच्या वह्या द्यायला. केंद्र तालुक्याला. भाईजानना फोन केला, तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सरकारी काम आहे तर जावंच लागेल." मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे. ती एकटी गेली आणि एकटी आली.

संध्याकाळी आम्ही विचारले, काय झाले तिथे? म्हणाली, "चाची, आठ जणी होतो. सगळ्या घरीच शिकतात." कशा शिकतात, विचारले.

"एकीचं बाळ बाहेर तिच्या अम्मीच्या मांडीवर होतं. तिला अजून पुस्तकंच मिळाली नाहीत. मी माझा पत्ता दिलाय." मग तिने भूमितीचे पुस्तक मागितले. भाकरीची पाळी त्या दिवशी आमची होती.