दोन अंश पुढे, दोन अंश मागे

बोनेट उघडं, इंजिन चालू. मिस्त्री डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करतो, दोन बोटांनी तो केसभर फिरवतो आणि कान देतो. मग गाडी चढावर, टॉप गियरमध्ये. पाय दाबल्यावर आतून किटकिट ऐकू आली की टायमिंग पुन्हा जरासं मागे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून तयार झालेल्या फियाटचं, म्हणजे पुढच्या पद्मिनीचं, टायमिंग असंच लागायचं. जालन्यात काय आणि मुंबईत काय. १,०८९ सीसीच्या त्या इंजिनात ४० च्या आसपासच अश्वशक्ती. त्यातली थोडी वाया गेली तरी चढावर कळायची.

या केसभर फरकाला एवढी किंमत का? पेट्रोल एका क्षणात जळत नाही. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाची क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरते. म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचायच्या आधीच ठिणगी पडावी लागते, म्हणजे पिस्टन माथ्यावरून साधारण १५ अंश पुढे गेला की दाब शिगेला पोहोचतो. उशीर झाला तर जोर सायलेन्सरवाटे जातो. फार घाई झाली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच दणका बसतो, कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं आणि इंजिन वाजू लागतं. तसंच दामटलं तर पिस्टनला भोक पडतं.

पद्मिनीत वेगाप्रमाणे टायमिंग पुढे नेणारी वजनं आणि स्प्रिंग होती. पेट्रोल कसं आहे, हे मात्र त्यांना कळत नसे. ते कळायचं मिस्त्रीच्या कानाला.

२००१ मध्ये जालना रस्त्यावरच, शेंद्र्याला, स्कोडाचा कारखाना सुरू झाला. २००४ साली ऑक्टाव्हिया आरएस आली: १.८ लिटर, टर्बो, १५० अश्वशक्ती. टर्बो हवा कोंबतो, त्यामुळे वाजण्याची भीतीही वाढते. म्हणून ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. वाजल्याची चाहूल लागताच कॉम्प्युटर ठिणगी काही अंश मागे घेतो, मग हळूहळू पुन्हा पुढे सरकवतो. मिस्त्रीचं जुनंच काम, फक्त डोळ्याचं पातं लवायच्या आत. पेट्रोल हलकं असेल तर आवाज येत नाही, गुपचूप ताकद कमी होते. रिमॅप करताना नुसता बूस्टचा आकडा विचारणाऱ्यांनी टायमिंगही विचारायलाच हवं.

आता गोष्ट अंबड-घनसावंगीच्या उसापर्यंत आली आहे. उसापासून होणाऱ्या आणि पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या घरात, आणि वाफ होताना ते हवा थंडही करतं; त्यामुळे ठिणगी आणखी पुढे नेता येते. मात्र लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. कॉम्प्युटरच्या मॅपमध्ये तेवढी सोय असेल तरच हा ऑक्टेन ताकदीत उतरतो. जालन्याहून समृद्धीला लागलेल्या चार सिलिंडरच्या गाडीत, ३,००० फेऱ्यांवर, हा हिशेब सेकंदाला १०० वेळा होत असतो.