घरगुती सौर विद्युत संचाची क्षमतानिश्चिती
वीजजोडणी नसलेल्या घरासाठी सौरपटल व बॅटरी किती क्षमतेची हवी, हे ठरविण्याच्या हिशेबास क्षमतानिश्चिती म्हणतात. त्याचा प्रारंभ पटलापासून नव्हे, तर दैनंदिन वापरापासून होतो. ९ वॉटचे ४ दिवे ५ तास आणि ७५ वॉटचा पंखा ८ तास चालविल्यास ७८० वॉट-तास ऊर्जा लागते. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणून १२ व्होल्टची किमान १३० आणि इन्व्हर्टरमधील घट धरता १५० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी लागते. दिवसाला ५ तासांइतके पूर्ण ऊन व ३० टक्के घट गृहीत धरल्यास सुमारे २२५ वॉटचे पटल पुरते. कोकणातील आषाढात मात्र ते अपुरे पडते. तेव्हा पटल वाढविण्याआधी २८ वॉटचा बीएलडीसी पंखा बसविणे शहाणपणाचे. त्याने गरज ४०४ वॉट-तासांवर येते.