रामाकोन्याचा नकाशा कोण काढणार?

नागपूरच्या इतवारी स्थानकातून छिंदवाड्याची गाडी धरली म्हणजे सावनेर, केळवद, लोधीखेडा, सौंसर ही गावे एकामागून एक मागे पडतात आणि सातपुड्याचा घाट लागण्यापूर्वी रामाकोना येते. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि शिवारात संत्र्यांच्या बागा, असा हा मुलूख आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले व छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. परंतु सोयरीक, बाजार आणि दवाखाना यांनी ती सीमा फारशी मनावर घेतली नाही. त्याचे पुष्कळसे श्रेय रेल्वेला द्यावे लागेल.

ही रेल्वे अडीच फूट रुंदीच्या रुळांची होती. लोक तिला प्रेमाने 'छोटी लाईन' म्हणत. सुमारे 150 किलोमीटरच्या प्रवासास ती सावकाशीने वेळ घेई. पण टोपली, गाठोडे व लेकरे घेऊन निघालेल्या बाईस तिच्यासारखे स्वस्त वाहन दुसरे नव्हते. 2015 च्या अखेरीस रुळांची रुंदी वाढविण्यासाठी ती बंद झाली. 2021 साली इतवारी ते छिंदवाडा अशी सलग गाडी मोठ्या रुळांवरून पुन्हा धावू लागली. मधल्या पाच वर्षांत माणसे सडकेवर गेली. ज्याला परवडले त्याने मोटारसायकल घेतली आणि ज्याला परवडले नाही तो बसची वाट पाहत उभा राहिला.

आता दुसरी गोष्ट पाहा. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा व सौंसर या तहसिली मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. रामाकोना त्या जिल्ह्यात आले. परंतु पांढुर्णा हे नागपूर-इटारसी मार्गावरील स्थानक, आणि रामाकोना नागपूर-छिंदवाडा मार्गावरचे! म्हणजे रामाकोन्याच्या माणसाला आगगाडीने नागपूर गाठता येते, जुन्या जिल्ह्याचे ठिकाण गाठता येते. पण नव्या जिल्ह्याच्या कचेरीत जावयाचे तर सडकेवाचून गती नाही. नकाशे काढणाऱ्यांच्या टेबलावर ही अडचण आपोआप दिसत नाही. ती कोणी तरी सांगावी लागते.

मोठे रूळ आले आणि जिल्हा नवा झाला, म्हणजे जमिनीचे भाव जागे होतात. शेताचे 'डायव्हर्शन' करून प्लॉट पाडण्याची घाई सुरू होते. ही घाई बहुधा सडकेच्या कडेने धावते, कारण सडकेला लागून असलेल्या तुकड्याला गिऱ्हाईक लवकर मिळते. सावनेरहून छिंदवाड्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 547 रामाकोन्यावरूनच जातो. अशा महामार्गाच्या दोन्ही बाजूंनी वस्ती लांबच लांब पसरत गेली, की गाव गाव राहत नाही. दुकान एका टोकाला, शाळा दुसऱ्या टोकाला, आणि मधून ट्रक! सहा वर्षांच्या मुलाचा हात धरल्याशिवाय त्याला पलीकडे पाठविता येत नाही. पाण्याची नळी व सांडपाण्याची नाली लांबवावी लागते आणि तो खर्च पंचायतीच्या माथी बसतो. शिवाय मधली संत्र्याची बाग दोन्हीकडून प्लॉटांच्या कात्रीत सापडते ती निराळीच.

याहून शहाणपणाचा मार्ग आहे, आणि तो आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. घरे एकमेकांस धरून असावीत, बाजार, शाळा व दवाखाना पायी गाठता यावेत, आणि गावाबाहेर पडावयाचे तर स्टेशन किंवा बसथांबाही चालत जाण्याच्या टप्प्यात असावा. केंद्र सरकारने 2017 साली शहरांसाठी जे धोरण आखले, त्यात स्थानकाभोवती 500 ते 800 मीटरच्या आत, म्हणजे दहाबारा मिनिटांच्या चालीत, वस्ती व कामधंदे एकवटावेत असे म्हटले आहे. धोरण शहरांचे असले तरी पाय शहरात आणि खेड्यात सारखेच असतात!

मात्र येथे सावध असले पाहिजे. स्टेशनाभोवती वाढ हे तत्त्व चांगले असले, तरी ते वरून लादले गेल्यास त्याचे काय होते हे मुंबईने पाहिले आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये तेथील महापालिकेने विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात स्थानकांजवळ 8 पर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक सुचविला होता, म्हणजे भूखंडाच्या आठपट बांधकाम. तत्त्व तेच, पण मसुद्यात चुका इतक्या निघाल्या, आणि लोकांचा आक्षेप इतका प्रखर झाला, की त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. जेथे आपल्या समाजाची जुनी गावठाणे आहेत तेथील रहिवाशांनी नकाशे पसरून आपापली घरे व वाटा शोधल्या आणि हरकती लिहून दिल्या. नवा आराखडा मंजूर होण्यास 2018 साल उजाडले. वसईकर वाचकांस तर हे सांगावयासच नको. हरित पट्टा बिल्डरांना खुला होऊ लागला तेव्हा 1980 च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तिच्या लढ्यात पुढाकार घेतला.

आमच्या मते सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण गोव्याचे आहे. 2006 साली तेथे 'प्रादेशिक आराखडा 2011' अधिसूचित झाला. त्यात शेते, डोंगरउतार व बागायती बांधकामासाठी मोकळ्या केल्याचे लोकांच्या ध्यानी आले. डिसेंबरात 'गोवा बचाव अभियान' सुरू झाले आणि 2007 च्या प्रारंभी तो आराखडा रद्द करणे सरकारला भाग पडले. पण गोवेकर केवळ 'नको' म्हणून थांबले नाहीत. पुढच्या आराखड्यासाठी नेमलेल्या कृतिदलात विख्यात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया होते. नवी मुंबईच्या मूळ कल्पनेचे जनक म्हणून ज्यांची नावे घेतली जातात त्यांपैकी ते एक. 'प्रादेशिक आराखडा 2021' चे गाववार नकाशे पंचायतींकडे पाठविण्यात आले. ग्रामसभांत लोकांनी ते तपासले. अमुक सर्व्हे नंबर खाजण शेतीचा आहे, अमुक ठिकाणी झरा आहे, ही पायवाट नकाशात नाही, असे नेमके सांगितले गेले. ज्या शेतकऱ्याने कधी नकाशा हातात धरला नव्हता त्याला आपले शेत कागदावर ओळखता आले. 2012 साली सरकार बदलले आणि तो आराखडा स्थगित ठेवण्यात आला. हे दुःखद खरे. तरीही त्या ग्रामसभांनी जे ज्ञान गोळा केले ते पुसले गेले नाही, आणि जमिनीच्या प्रत्येक नव्या वादात गोव्याचे गावकरी ते पुढे करीत आले आहेत.

रामाकोन्याच्या मंडळींना एक सोय गोव्याहूनही जुनी आहे, आणि ती फारशी कोणी वापरीत नाही. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता 1959 हिच्या कलम 234 अन्वये गावाचे 'निस्तार पत्रक' असते. गुरचरण, खळी, बाजार, स्मशान व दफनभूमी, सरपण, यांसाठी गावाची कोणती जमीन व कोणता हक्क आहे हे त्यात नोंदलेले असते. 'वाजिब-उल-अर्ज' म्हणून दुसरा कागद असतो. त्यात जाण्यायेण्याच्या वाटा, पाण्याचे वापर इत्यादी रूढ हक्क लिहिलेले असतात. निस्तार पत्रक करताना गावकऱ्यांची इच्छा जाणून घ्यावी असे कायदाच सांगतो. आणि ग्रामसभेने मागणी केल्यास चौकशीअंती त्यातील नोंदीत फेरबदल होऊ शकतो. नगर व ग्राम नियोजनाच्या 1973 च्या कायद्यात आराखड्याच्या मसुद्यावर हरकती देण्यास तीस दिवस ठेवले आहेत. परंतु तीस दिवस म्हणजे कापणीच्या हंगामात काहीच नव्हेत! मसुदा येण्यापूर्वीच तयारी असली, तरच त्या तीस दिवसांचा उपयोग.

म्हणून आमची सूचना आहे, की गावाने आपल्या वाटा आधी लिहून ठेवाव्यात. स्टेशनापासून शाळेपर्यंत, शाळेपासून बाजारापर्यंत, वस्तीपासून बसथांब्यापर्यंत पायी जाण्याचा रस्ता कोणता, तो किती रुंद आहे, पावसाळ्यात कोठे चिखल होतो, महामार्ग ओलांडण्यास कोठे जागा हवी, हे खसरा नंबरांसह कागदावर यावे. स्टेशनाजवळचे पडीक तुकडे आधी वस्तीस द्यावेत आणि बागा शेवटपर्यंत राखाव्यात, असा ठराव ग्रामसभेत मांडता येईल. पांढुर्ण्याच्या बसची वेळ गाडीच्या वेळेशी जुळावी, ही मागणीही त्याच ठरावात बसते. काही बागाईतदार म्हणतील, 'भाव आला आहे तर आम्ही का विकू नये?' त्यांचा प्रश्न रास्त आहे. मुलीचे लग्न किंवा कर्ज समोर उभे असता बाग राखण्याचा उपदेश करणे सोपे नाही. म्हणूनच कोणता तुकडा वस्तीचा व कोणता शेतीचा हे सर्वांसमोर, एकाच बैठकीत ठरणे बरे. एकेकट्याने गुपचूप सौदा केला म्हणजे शेजाऱ्याची वाट बंद होते.

पंचायतींच्या विकास योजनांसाठी 2018 पासून 2 ऑक्टोबरला सुरू होणारी केंद्राची 'सबकी योजना, सबका विकास' ही मोहीम चालत आली आहे. कोटवाराची मुनादी झाली, की स्त्रियांनीही ग्रामसभेत जाऊन बसावे. पाणी, सरपण व शाळा यांच्या वाटा त्यांच्याइतक्या कोणास ठाऊक आहेत? निस्तार पत्रकाविषयी पटवाऱ्याकडे चौकशी करून त्याची नक्कल मागता येते. ती हिंदीत असते. घरातील शाळकरी मुलाने ती मोठ्याने वाचावी, आणि वाट कोठून कोठे जात होती ते आजोबांनी सांगावे.