शोकेसमधील ठेवी

मध्यमवर्गीय मराठी दिवाणखान्यात, बहुधा दूरचित्रवाणी संचाच्या शेजारी, काचेच्या सरकत्या दारांचे एक कपाट असते. त्याला मराठी प्रतिशब्द शोधण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही; सारेच त्यास ‘शोकेस’ म्हणतात. आत आग्र्याचा ताजमहाल, कन्याकुमारीहून आणलेला नाव कोरलेला शंख, प्लास्टिकची द्राक्षे, पोट सुटलेला हसरा बुद्ध (जो गौतम बुद्ध नसून दहाव्या शतकातील एक चिनी भिक्षू मानला जातो) आणि किल्ली दिली की भुंकणारा कुत्रा अशी मंडळी गुण्यागोविंदाने नांदत असतात. कलेच्या जाणकाराने नाक मुरडावे असाच हा संसार!

जाणकारांकडे त्यासाठी एक शब्दही आहे, ‘किच्’. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्युनिकच्या चित्रबाजारात स्वस्त, भडक आणि चटकन खपणाऱ्या चित्रांना उद्देशून तो वापरला जाऊ लागला. पुढे १९३९ मध्ये क्लेमेंट ग्रीनबर्ग या अमेरिकी समीक्षकाने आपल्या निबंधातून त्यावर कठोर टीका केली. मला मात्र हा शब्द अपुरा वाटतो. वस्तू दिसते कशी, हे तो सांगतो. ती तीस-तीस वर्षे घरात का टिकली, याबद्दल तो मौन पाळतो. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर जाणकार बाजारमूल्य पाहतो आणि घरातील माणसे त्या वस्तूची नोंद मूळ खरेदीच्या दिवसाप्रमाणे ठेवतात.

आम्हा बँक कर्मचाऱ्यांच्या घरी या कपाटाला आणखी एक अर्थ असतो. बदलीच्या प्रत्येक गावाहून आणि ‘एलएफसी’च्या प्रत्येक प्रवासातून एखादी वस्तू सामानात चढते. आसामची जापी, चन्नपट्टणची लाखेच्या रंगांतील लाकडी खेळणी, तंजावरची बाहुली. सेवापुस्तिका न उघडता केवळ शोकेस पाहून एखाद्याच्या नेमणुकांचा क्रम सांगता यावा.

तंजावरच्या बाहुल्यांचेच पाहा. तेथे १८५५ पर्यंत भोसले घराण्याची गादी होती, म्हणून मराठी प्रवासी त्या जरा अधिक आपुलकीने विकत घेतो. राजा-राणीच्या बाहुल्यांचा तळ गोल आणि मातीने जड केलेला असतो. वजनाचा मध्य खाली राहिल्याने कितीही ढकलले तरी त्या पुन्हा उभ्या राहतात. नर्तकी कागदाच्या लगद्याची असते. तिचा घागरा, धड आणि मस्तक हे सुटे भाग एकमेकांवर तारेने तोललेले असल्यामुळे पंख्याच्या वाऱ्यानेही तिची मान डोलते. २००८-०९ मध्ये या बाहुल्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. काल जी ‘बाजारू’ होती, ती अशी वारसा ठरली. शेजारच्या भुंकणाऱ्या कुत्र्याच्या नशिबी ते भाग्य नाही. पण फळी दोघांची एकच आहे.

ताजमहालाची गोष्ट निराळी. स्वस्तातला ताजमहाल संगमरवराचा म्हणून घेतला जातो आणि पुष्कळदा मऊ दगडाचा निघतो. नखाने ओरखडा उठला की उमजावे. आत दिवा लागतो तोवर कोणाचीच तक्रार नसते.

लग्नातील आहेर हे या कपाटाचे दुसरे उगमस्थान. भिंतीवरची घड्याळे, जोडीने बसलेले पांढरे हंस, काचेचे ताटवे. यांतील बऱ्याच वस्तू एका लग्नातून दुसऱ्या लग्नात जातात. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात त्यांचा समावेश नसला, तरी व्यवहार तोच. फक्त पृष्ठांकन पुसायचे राहून जाते आणि खोक्यात तिसऱ्याच माणसाच्या नावाची चिठ्ठी सापडते!

कायद्याची नजर या वस्तूंवर पडतच नाही, असे मात्र नाही. वैयक्तिक वापराच्या चीजवस्तूंना भांडवली मालमत्तेतून जी सूट होती, तिच्यातून २००७ च्या वित्त अधिनियमाने चित्रे, शिल्पे व कलाकृती वगळल्या. तेव्हा प्लॅस्टरची बासरीवाली ही चीजवस्तू की कलाकृती, हा प्रश्न तत्त्वतः उद्भवू शकतो. सुदैवाने तिच्या विक्रीत नफा होण्याची भीती नाही. एका वस्तूबाबत मात्र थट्टा नको. भरभराटीसाठी चौकटीत लावले जाणारे ‘इंद्रजाल’ हे झाडाचे मूळ नव्हे. ते वाळवलेले समुद्री पंखे अथवा काळे प्रवाळ असते. २००१ पासून त्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे आणि त्यांचा व्यापार हा गुन्हा आहे.

अशा बाजारी चित्रांकडे एका लेखापालाने फार पूर्वीच गांभीर्याने पाहिले होते, हे आम्हा वाणिज्य शाखेच्या मंडळींना सुखावणारे आहे. भूपेन खक्कर (१९३४-२००३) मुंबईत जन्मले, सनदी लेखापाल झाले आणि बडोद्यास स्थायिक झाले. हिशेबाचे काम सांभाळून ते चित्रे काढीत. १९६० च्या दशकात त्यांनी देवादिकांची छापील चित्रे कापून आपल्या चित्रांत चिकटवली. त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये भरले.

काही वर्षांपूर्वी हयातीच्या दाखल्यासाठी मी एका वृद्ध निवृत्तिवेतनधारक बाईंच्या घरी गेलो होतो. इमारत पुनर्विकासाला जायची होती. नव्या सदनिकेत खिडक्या मोठ्या, त्यामुळे शोकेससाठी भिंतच उरत नव्हती. “मुलगा म्हणतो, आई, एकच खोकं ने. साहेब, तुम्हीच सांगा, एका खोक्यात काय बसतं?” त्यांनी एकेक वस्तू उलटी करून दाखवली. प्रत्येकीच्या तळाशी चिकटवलेली चिठ्ठी होती, एखाद्या व्हाउचरसारखी : गाव, महिना, किंमत. “कन्याकुमारी, मे १९७९, रु. ४.५०.” पितळेची भारी समई त्यांनी सहज बाजूला सारली. मिनार तुटलेला ताजमहाल मात्र पदराने पुसून खोक्यात ठेवला. “मिनार ह्यांनी परतीच्या गाडीत तोडला, आणि घरी आल्यावर दोन दिवस चिकटवत बसले. पुन्हा पडलाच.”

कागदावर सही घेऊन मी उठलो, तेव्हा त्या एका गजराच्या घड्याळापाशी अडल्या होत्या. हंसाच्या आकाराचे, सोनेरी मुलाम्याचे आणि कैक वर्षे बंद पडलेले ते आहेराचे घड्याळ होते. त्याच्या तळाशी चिठ्ठी नव्हती. कोणी दिले ते त्यांना काही केल्या आठवेना, आणि आठवल्यावाचून ते टाकणे त्यांना बरे वाटत नव्हते.