इंग्रजी शब्दयोगी अव्यये आणि फ्रेजल व्हर्ब

इंग्रजी शब्दयोगी अव्यये ही नाम किंवा सर्वनाम यांच्यापूर्वी येऊन त्यांचा वाक्यातील इतर शब्दांशी संबंध दाखवणारी अव्यये होत. 'इन', 'ऑन', 'अ‍ॅट', 'टू', 'फॉर', 'विथ' ही त्यांपैकी नित्य वापरातील होत. मराठीत हेच कार्य नामानंतर येणारे विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये करतात. क्रियापदाला असे अव्यय किंवा क्रियाविशेषण जोडून नवा अर्थ निर्माण झाल्यास त्या जोडीस फ्रेजल व्हर्ब म्हणतात.

मराठीशी तुलना

दोन्ही भाषांतील अव्ययांचा एकास एक मेळ बसत नाही. 'सोमवारी', 'सकाळी' व 'रात्री' या तिन्ही रूपांत सप्तमीचा 'ई' प्रत्यय आहे. इंग्रजीत मात्र 'ऑन मंडे', 'इन द मॉर्निंग' आणि 'अ‍ॅट नाइट' असे तीन निरनिराळे प्रयोग होतात. मराठीतील 'वर' याचीही हीच स्थिती आहे. एखाद्यावर अवलंबून असणे म्हणजे 'डिपेंड ऑन', रागावणे 'बी अँग्री विथ', हसणे 'लाफ अ‍ॅट'. प्रेम करणे या अर्थाच्या 'लव्ह' क्रियापदाला अव्यय लागतच नाही.

'पासून' याचे दोन पर्याय होतात. आरंभबिंदू सांगताना 'सिन्स 2019' आणि कालावधी सांगताना 'फॉर थ्री यीअर्स'. 'डिस्कस' या क्रियापदापुढे 'अबाउट' येत नाही. 'डिस्कशन' या नामापुढे मात्र येते.

अर्थभेद

अव्यय बदलल्यास वाक्य केवळ अशुद्ध होते असे नाही, कधी अर्थच पालटतो. चेंडू 'टू हिम' फेकणे म्हणजे त्याला झेलता यावा म्हणून देणे. 'अ‍ॅट हिम' फेकणे म्हणजे त्याला मारण्यासाठी फेकणे. 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, 'लुक इनटू' म्हणजे चौकशी करणे. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत अशा जोड्या परकीयांना अतिशय कठीण जातात असे नमूद केले होते. 'फ्रेजल व्हर्ब' ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या 1925 मधील ग्रंथामुळे रूढ झाली.

शब्दक्रम

काही फ्रेजल व्हर्बचे घटक विलग होऊ शकतात. 'टर्न ऑफ द लाइट' व 'टर्न द लाइट ऑफ' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. परंतु कर्म सर्वनाम असल्यास ते मध्येच येते. म्हणून 'टर्न इट ऑफ' शुद्ध, 'टर्न ऑफ इट' अशुद्ध. याउलट 'लुक आफ्टर' अविभाज्य असल्याने 'लुक आफ्टर हर' असेच म्हणावे लागते.

प्रदेशभेद

काही प्रयोग प्रदेशानुसार बदलतात. आठवड्याच्या अखेरीस या अर्थी ब्रिटिश इंग्रजीत 'अ‍ॅट द वीकेंड', तर अमेरिकन इंग्रजीत 'ऑन द वीकेंड' म्हणतात. त्यामुळे सुटे अव्यय पाठ करण्यापेक्षा क्रियापद, अव्यय व उदाहरण एकत्र देणाऱ्या कोशाचा आधार घेणे अभ्यासकास अधिक उपयुक्त ठरते.