नव्या घरांतला पहिला महिना

'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' ही म्हण रूढ झाली त्या काळीं घर म्हणजे स्वतःच्या देखरेखीखालीं, एकेक वीट मोजून उभें केलेलें घर असे. आज बहुतेकांस घर बांधावें लागत नाहीं. तें तयार मिळतें, विकत किंवा भाड्यानें. तरीहि म्हणीचा मथितार्थ खोटा ठरलेला नाहीं. घराची किल्ली ज्या दिवशीं हातीं येते त्या दिवशीं गृहस्थाची थैली बहुधा रिकामी झालेली असते. अनामत रक्कम, दलाली, मुद्रांकशुल्क, सामान वाहण्याचें भाडें, कर्जाचा पहिला हप्ता, यांनीं तिचा तळ गांठलेला असतो. आणि नेमक्या याच वेळीं घर आपलीं वैगुण्यें एकामागून एक दाखवूं लागतें. नळ ठिबकतो, दार अडकतें, भिंतीवर ओलीचा डाग उमटतो. स्वयंपाकघर लागलेलें नसल्यामुळें दोन्ही वेळचें जेवण बाहेरून येतें. अशा वेळीं जो पैसा वायां जातो तो मुख्यतः दोन कारणांनीं जातो. चूल उशिरां पेटते हें एक, आणि दोषाचें कारण न शोधतां दुरुस्ती केली जाते हें दुसरें. हीं दोन्ही टाळणें कठीण नाहीं, आणि त्यास फारसें द्रव्यहि लागत नाहीं.

मुंबईंतील वरळीच्या बी. डी. डी. चाळींचें उदाहरण घ्यावें. सुमारें शंभर वर्षांपूर्वीं बांधलेल्या या चाळींत एकेका कुटुंबाचा संसार १६० चौरस फुटांच्या खोलींत चालत आला. पुनर्विकासानंतर ऑगस्ट २०२५ मध्यें तेथील ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या सदनिका देण्यांत आल्या. जागा तिपटीनें वाढली ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु जागेबरोबर जबाबदारीहि वाढते. चाळींत शौचकूप सामाईक असत. त्यांची डागडुजी हें एकट्या बिऱ्हाडाचें काम नसे. सदनिकेंत प्रत्येक नळ, प्रत्येक मोरी व प्रत्येक सांधा ज्याचा त्यास सांभाळावा लागतो. हें ज्ञान किल्लीबरोबर कोणी देत नाहीं. तें पहिल्या महिन्यांत स्वतःच मिळवावें लागतें.

सामानाची पहिली पेटी उघडण्यापूर्वीं तीन जागा शोधाव्या: पाण्याची मुख्य चावी, विजेचा मुख्य खटका आणि गॅसचा रेग्युलेटर किंवा नळावरील चावी. घरांतील सर्व मोठ्या माणसांस, व जाणत्या मुलांसहि, या जागा दाखवून ठेवाव्या. विजेच्या पेटींत गळती होतांच प्रवाह तोडणारा खटका असल्यास त्यावरील तपासणीची कळ दाबून पाहावी. खटका तत्काळ पडला पाहिजे. न पडल्यास वायरमनला बोलवावें. हें काम घरीं करण्याचें नव्हे. गॅसची रबरी नळी व तिचे सांधे यांवर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे आले तर तेथें गळती आहे असें समजावें. काडी ओढून गळती शोधण्याचा अविचार कोणीं करूं नये. टाकींतील गॅस हवेपेक्षां जड असतो; तो वर निघून न जातां जमिनीलगत सांचतो. मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत उग्र वासाचें द्रव्य मुद्दाम मिसळलेलें असतें. तो वास आल्यास रेग्युलेटर बंद करावा, दारेंखिडक्या उघडाव्या, आणि विजेचें एकहि बटण, चालू किंवा बंद करण्यासाठींहि, दाबूं नये. नळीवर छापलेली मुदत संपली असेल तर नळी धड दिसत असली तरी बदलावी.

यानंतर चूल. पहिल्या आठवड्याचा स्वयंपाक चालण्यास एक कुकर, एक पातेलें, एक कढई, तवा, परात, विळी, सांडशी, डाव, उलथनें आणि एक वाटी एवढें पुरतें. वाटीचें महत्त्व लहान समजूं नये. तराजू पेटींत असला तरी एकाच वाटीनें सर्व जिन्नस मोजले म्हणजे प्रमाण चुकत नाहीं. १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' या पुस्तकांतील वाटी-चमच्यांचीं मापें घरोघरीं चाललीं, तीं याच सोयीमुळें.

वाणसामानहि थोडेंच आणावें. तांदूळ, मुगाची डाळ, बेसन, ज्वारीचें पीठ, मटकी, शेंगदाणे, तेल, मीठ, हळद, तिखट, मोहरी, हिंग, गूळ व आमसूल या चौदा जिनसांत आठवडा निभावतो. भाजी, कांदे, लसूण व दूध रोजचें रोज आणतां येतें. महिन्याचा साठा इतक्यांत भरूं नये. कोणत्या कपाटांत ओल येते, मुंग्या कोणत्या फटींतून निघतात, दुपारचें ऊन कोठें पडतें, हें अद्याप ठाऊक झालेलें नसतें. आणि ओलीच्या कपाटांत ठेवलेलें पीठ महिना टिकत नाहीं.

पहिल्या रात्रीं मुगाच्या डाळीची खिचडी करावी. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, चार वाट्या पाणी, हळद, मीठ आणि हिंग-मोहरीची फोडणी, एवढ्यांत दोघांचें पोट सहज भरतें, आणि घासावें लागतें तें एकच भांडें. हें अन्न साधें असलें तरी हलक्या प्रतीचें नव्हे. तांदळांतील प्रथिनांत जो घटक कमी असतो तो डाळींत भरपूर असतो, आणि डाळींत जो कमी असतो तो तांदूळ पुरवितो. डाळ-भात, भाकरी-पिठलें, उसळ-पोळी या जुन्या जोड्यांचें बळ याच परस्परपूर्तींत आहे.

दुसऱ्या दिवशीं पिठलें-भाकरी. एक वाटी बेसनास तीन वाट्या पाणी धरावें. बेसन आधीं थोड्या थंड पाण्यांत कालवून घ्यावें व मग लसूण-कांद्याच्या फोडणींत घातलेल्या उकळत्या पाण्यांत ओतून ढवळावें. कोरडें पीठ एकदम उकळत्या पाण्यांत पडलें म्हणजे त्याचा बाहेरचा थर तत्काळ फुगतो, आंत पाणी शिरूं देत नाहीं, आणि गुठळी होते. भाकरीचें शास्त्र याच्या उलट आहे. ज्वारींत गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून पीठ आधणाच्या पाण्यानें भिजवावें लागतें. उष्णतेनें पिठांतील सत्त्व फुगून तेंच पीठ बांधून धरतें. पीठ ताजें असावें. जुनें झालेलें पीठ विरी जातें आणि थापतांना भाकरीला चिरा पडतात.

त्याच दिवशीं सकाळीं वाटीभर मटकी भिजत घालावी. रात्रीं ती उपसून ओल्या फडक्यांत बांधून ठेवली कीं दुसऱ्या दिवशीं मोड येतात. वाटीची मटकी फुगून दुपटीहून अधिक होते, आणि मोड येतांना तिच्यांत मुळांत नसल्यासारखें असलेलें 'क' जीवनसत्त्व तयार होतें. गूळ-आमसूल घालून केलेली उसळ सकाळीं पोळीशीं, आणि उरलेली संध्याकाळीं भाताशीं खपते. पालेभाजीवर लिंबू पिळण्याची चालहि सोडूं नये. आंबटामुळें भाजींतील लोह शरीरास अधिक लागूं पडतें.

पिण्याच्या पाण्याविषयीं एक गैरसमज घरोघरीं आढळतो. तुरटी फिरविली कीं पाणी शुद्ध झालें असें मानतात. तुरटीनें गढूळपणा तळाशीं बसतो. रोगजंतू मरत नाहींत. नव्या इमारतीची टाकी केव्हां धुतली हें कळेपर्यंत पाणी गाळून, खळखळून उकळूनच प्यावें. माठ वारा लागेल अशा जागीं ठेवावा; बंद कोपऱ्यांत तो पाझरेल, पण पाणी म्हणावें तसें गार होणार नाहीं.

चूल मार्गीं लागली म्हणजे दुरुस्तीकडे वळावें. ठिबकणारा नळ क्षुल्लक वाटतो. सेकंदास एक थेंब पडला तर दिवसांत ८६,४०० थेंब पडतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरल्यास तें पाणी रोज चार लिटरांहून अधिक होतें. अशा वेळीं पुष्कळ लोक तोटी अधिकाधिक जोरानें आवळतात, आणि दोष वाढवितात. फिरकीच्या जुन्या नळांत तळाशीं एक लहान चकती असते. बाजारांत तिला 'वायसर' म्हणतात. आवळून आवळून ती कापली जाते. मुख्य चावी बंद करून पान्यानें तोटी उघडावी, जुनी चकती नमुन्यास घेऊन दुकानांत जावें, व तसलीच नवी बसवावी. खर्च कांहीं रुपयांचा. पाव फिरकींत उघडणाऱ्या नव्या नळांत अशी चकती नसते. त्यांचा आंतला भागच सबंध बदलावा लागतो. पाणी तोंडांतून न येतां आट्यांतून झिरपत असेल तर नळ काढून आट्यांवर पांढरी टेप, नळ ज्या दिशेनें आवळला जातो त्याच दिशेनें, गुंडाळावी.

बंद राहिलेल्या घरांत न्हाणीघरांतून दुर्गंधी येते, व गृहस्थ फिनेलच्या बाटल्या आणतो. वास्तविक मोरीच्या जाळीखालीं वाकविलेल्या भागांत थोडें पाणी सदैव उभें राहावें अशी योजना असते. तें पाणीच सांडपाण्याच्या नळांतील वायु अडवितें. मोरी वापरांत नसली कीं तें आटतें आणि वास मोकळा होतो. तांब्याभर पाणी ओतणें हाच त्यावर पहिला, आणि बहुधा शेवटचा, उपाय होय.

पावसाळ्यांत दार अडकूं लागलें कीं सुतारास बोलावून तें रंधून घेण्याची घाई होते. लाकूड दमट हवेंत पाणी शोषून रुंदीस फुगतें व कोरड्या दिवसांत आकसतें. आषाढांत रंधलेलें दार माघांत सैल पडतें आणि फटींतून वारा येतो. जेथें घासतें तेथें मेणबत्ती किंवा कोरडा साबण चोळून पाऊस संपेपर्यंत वाट पाहावी. त्यानंतरहि अडकलें तरच रंधा चालवावा. बिजागरीचें भोंक मोठें होऊन स्क्रू फिरत राहत असेल, तर सरस लावलेली लाकडाची काडी भोंकांत ठोकून स्क्रू पुन्हां पिळावा. कुरकुरणाऱ्या बिजागरीस खोबरेल घालूं नये, तें थंडींत गोठतें. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

सर्वांत अधिक पैसा ओलीवर फुकट जातो. डाग दिसला कीं रंग लावतात. चार महिन्यांत रंगाचे पापुद्रे सुटतात, भिंतीस लोणा येतो, आणि पुन्हां रंग. आधीं ओल कोठून येते हें पाहावें. पारदर्शक प्लास्टिकचा वीतभर तुकडा डागावर चारी कडांनीं चिकटपट्टीनें घट्ट बसवावा व दोन दिवस ठेवावा. थेंब बाहेरच्या बाजूस आले तर ते खोलींतील दमट हवेचे; खिडकी उघडणें, कपाट भिंतीपासून चार बोटें सरकविणें, ओले कपडे त्या खोलींत न वाळविणें, यांनींच काम भागतें. थेंब भिंतीकडच्या बाजूस आले तर पाणी भिंतींतून येत आहे. मग वरच्या मजल्याची मोरी, गच्ची, बाहेरची भेग किंवा भिंतींतील नळ तपासून मूळ बंद करावें, भिंत पुरती वाळूं द्यावी, आणि शेवटीं रंग. साध्या खोलीस चुन्याची सफेदी आजहि स्वस्त व चांगली आहे; चुना हवेंतील कर्बवायु घेऊन दगडासारखा घट्ट होतो, आणि त्याच्या क्षारधर्मामुळें बुरशी सहसा धरत नाहीं. मात्र तो डोळ्यांत जाऊं देऊं नये.

जुन्या घरांत एक सावधगिरी अवश्य घ्यावी. भारतांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरतें मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वींच्या रंगांत शिसें पुष्कळ असूं शकतें. असा रंग कोरडा खरवडल्यास त्याची धूळ श्वासावाटे व हातावाटे पोटांत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते. जुना रंग खरवडणें भाग असेल तर तो पाण्यानें ओला करूनच खरवडावा, मुलांस व गरोदर स्त्रीस त्या दिवशीं घराबाहेर ठेवावें, आणि फरशी झाडूनें न झाडतां ओल्या फडक्यानें पुसावी.

विजेच्या तारा, गॅसचे सांधे आणि इमारतीचे खांब यांस मात्र घरच्या माणसानें हात लावूं नये. तेथें कारागिराची मजुरी वांचविणें ही काटकसर नव्हे. आणखी एक गोष्ट अनेक घरांत विसरली जाते. नव्या बिऱ्हाडाचा सर्व भार गृहिणीवर पडतो; पेट्या तिनेंच उघडायच्या, चूलहि तिनेंच पेटवायची. खिचडीचा कुकर लावणें पुरुषास आणि नळाची चकती बदलणें स्त्रीस येऊं नये असें या कामांत कांहींहि नाहीं.

महिनाभर फडताळें, पडदे, गालिचे यांची खरेदी थांबवावी आणि एक साधी वही ठेवावी. मुख्य चाव्या कोठें आहेत, गॅसच्या नळीची मुदत केव्हां संपते, कोणत्या नळास किती मापाची चकती लागते, कोणत्या भिंतीस कोणत्या महिन्यांत ओल आली, ऊन कोणत्या खिडकींत किती वेळ असतें, हें तींत टिपावें. महिन्याअखेर काय घ्यावयाचें व काय नको हें त्या वहींतूनच कळूं लागेल. घर भाड्याचें असल्यास निघतांना ती वही येणाऱ्या बिऱ्हाडकरूच्या हातीं द्यावी. त्याचा पहिला महिना तेवढाच सोपा होईल.